खाडा कोणी भरायचा? (कबड्डीपटूंच्या कमाईवरील लेखसंग्रहाची प्रस्तावना)

उरण-पनवेल पट्ट्यात एखादा मुलगा चांगली कबड्डी खेळतो असे कानावर आले, की जाणती माणसे त्याच्या चढाईची चौकशी नंतर करतात. पहिला प्रश्न असतो, "लागलाय कुठे?" रेल्वेत, पोलिसात, भारत पेट्रोलियममध्ये, महिंद्रात असे काही उत्तर मिळाले की लगेच दुसरा प्रश्न येतो, "परमनंट का?" २०१४ पासून, म्हणजे प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून, त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे, "लिलावात किती गेला?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देणारी मुले दरवर्षी कमी होत आहेत आणि तिसऱ्याचे उत्तर अवघ्या काही जणांपाशी आहे. या दोहोंच्या मध्ये जे हजारो खेळाडू उरतात, त्यांच्या पोटापाण्याचा विचार करणारे पुस्तक मराठीत असायला हवे, असे मला फार दिवस वाटत होते. तसे पुस्तक आता वाचकांच्या हाती येत आहे.

ते मोऱ्यात आकाराला आले हेही योग्यच झाले. मोरा म्हणजे उरणचे बंदर. इथून लाँच पकडली की भाऊच्या धक्क्याला उतरायचे. अटल सेतू आणि उरणची लोकल ही दोन्ही २०२४ च्या जानेवारीत आली. त्याआधी कैक पिढ्यांची मुंबईच्या नोकरीची वाट याच पाण्यावरून जात होती. आगरी-कोळी गावांमधून मुंबईच्या गोद्यांत, गिरण्यांत, बँकांत माणसे गेली, आणि कबड्डीही त्यांच्याबरोबर गेली-आली. दिवाळी सरली की इथल्या गावागावांत मैदाने आखली जातात, दिव्यांचे खांब उभे राहतात, आणि थेट पाऊस तोंडावर येईपर्यंत रात्री जागत्या राहतात. रोख बक्षीस, चषक, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, कधी मालिकावीराला मोटारसायकल. देणगीदार कधी पुढारी असतो, कधी ट्रान्सपोर्टवाला, कधी बिल्डर. बक्षीस मात्र संघाच्या नावाने येते. त्याची वाटणी मंडळ ठरवते, आणि मंडळाला टी-शर्टपासून टेम्पोभाड्यापर्यंतचा खर्च आधी वळता करावा लागतो. खेळाडूच्या हातात उरते ते कौतुक आणि थोडे पैसे. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेचा खर्च घरच्यांवर पडतो. हा हिशोब गावात सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो कागदावर कोणी मांडत नाही.

कबड्डीत पैशाचा उच्चार करायला संकोच का वाटतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हुतूतू आणि अशाच इतर नावांनी गावोगाव खेळल्या जाणाऱ्या खेळाला नियमांची चौकट महाराष्ट्रात आणि मराठी माणसांच्या पुढाकाराने मिळाली. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली नियम बांधून स्पर्धा घेतल्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. या सगळ्यामागे आखाड्याची आणि स्वदेशीची प्रेरणा होती. शरीर कमवायचे ते देशासाठी, अशी त्या पिढीची धारणा. १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, १९५२ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, १९७२ साली हौशी कबड्डी महासंघ स्थापन झाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी तर सारे आयुष्य या खेळाला वाहिले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. या माणसांनी स्वतःच्या खिशातून खर्च केला, घरादाराकडे दुर्लक्ष केले. त्यांच्यासमोर उभे राहून "मला किती देणार?" असे विचारणे कोणत्याही खेळाडूला जमले नसते. त्या पिढीबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्यांच्या त्यागाचा दाखला देऊन आजच्या खेळाडूला गप्प बसवले जाते तेव्हा तो आदर चुकीच्या कामी वापरला जातो, हेही इथेच सांगतो.

या हौशी चौकटीत खेळाडू जगले कसे? नोकरीवर. लालबाग, परळ, नायगाव, वरळीच्या गिरणगावात कबड्डी कामगारांच्या वस्तीत वाढली. विजय क्लब, अमर हिंद मंडळ, गोल्फादेवी अशी मंडळे चाळींच्या आधाराने उभी राहिली. मग कारखाने, बँका, तेलकंपन्या, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, बेस्ट, एअर इंडिया, देना बँक यांनी आपापले संघ बांधले. महाराष्ट्रातल्या स्पर्धांमध्ये 'स्थानिक' गटाशेजारी 'व्यावसायिक' गट असतो तो या संघांसाठी. तिथला खेळाडू खेळण्याचे पैसे घेत नव्हता. त्याला कारकुनाचा, शिपायाचा, फिटरचा पगार मिळे, सरावासाठी दुपारी लवकर सुटी मिळे, आणि गुडघे थकल्यावरही निवृत्तीपर्यंत टेबल-खुर्ची राही. माझ्या मते भारतीय खेळाडूला मिळालेला हा सर्वांत चांगला करार होता. त्यात आजचा पगार होता आणि खेळ संपल्यानंतरची पंचवीस-तीस वर्षेही होती. कबड्डीपटूची कारकीर्द तिशी-बत्तिशीत आटोपते. त्यामुळे त्याच्या कमाईचा विचार त्या पंचवीस-तीस वर्षांसकटच करायला हवा.

ही व्यवस्था एका दिवसात मोडली नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावाचा कणा मोडला. नव्वदीनंतर कायम भरती आटत गेली आणि खेळाडूंना वर्षा-दोन वर्षांच्या मानधनावर घेण्याची पद्धत आली. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे गेली. उरणची गोष्ट आणखी वेगळी. इथे जमिनी आधी सिडकोने घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. त्यानंतर १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. प्रकल्पग्रस्ताच्या मुलाला नोकरी हे आश्वासन होते. प्रत्यक्षात गोदामांत आणि कंटेनर यार्डांत बहुतेकांच्या वाट्याला कंत्राटी काम आले. खेळाडूंच्या कंत्राटाविषयी बोलताना या भागातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कंत्राट म्हणजे काय हे तो रोज पाहतो.

आता जगाकडे वळू, कारण या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत बोलका दाखला रग्बी लीगमध्ये सापडतो. तो खेळ जन्मला तोच मजुरीच्या भांडणातून. उत्तर इंग्लंडमधले रग्बीपटू खाण आणि गिरणी कामगार होते. शनिवारी सामना खेळायचा तर पाळी बुडे आणि खाडा पडे. त्या खाड्याची भरपाई द्यावी, एवढीच त्यांच्या क्लबांची मागणी होती. लंडनच्या बड्या घरच्या मंडळींनी १८९३ साली ती फेटाळली, कारण त्यांच्या लेखी पैसे घेणे म्हणजे खेळ बाटवणे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे वीसहून अधिक क्लब वेगळे झाले. त्यांनी ठरवलेली भरपाई होती दिवसाला फार तर ६ शिलिंग. म्हणजे मोबदला आणि मोबदल्याची कमाल मर्यादा या दोन्ही गोष्टी तिथे एकाच दिवशी आल्या. पुढे १८९८ साली उघडपणे पैसे देण्याची मुभा मिळाली तेव्हाही अट अशी, की खेळाडूला दुसरीकडे खरीखुरी नोकरी असलीच पाहिजे. ही अट वाचताना आपल्या कंपनी-कबड्डीची आठवण न येणे शक्य नाही. दोन खेळांत एरवीही नाते आहे: अंगावर येणाऱ्याला रोखून जमिनीवर आणायचे, आणि पुन्हा फळी उभी करायची.

तेव्हापासून आजवर इंग्लंडात रग्बी लीग मुख्यतः उत्तरेच्या जुन्या गिरणी-खाणींच्या गावांचाच खेळ राहिली आणि तिथे तिच्याकडे पैसा बेताचाच आला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या लीगने १९९० साली वेतनमर्यादा, म्हणजे क्लबाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा, आणली. इंग्लंडच्या सुपर लीगने ती नव्वदीच्या अखेरीस स्वीकारली. विचार सरळ होता: श्रीमंत क्लबाने सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत, आणि गरीब क्लब स्पर्धेच्या नादात बुडू नये. मर्यादा किती गांभीर्याने पाळली जाते याचा पुरावा २०१० साली मिळाला. दोन-दोन कागदपत्रे ठेवून मर्यादा चुकवल्याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न स्टॉर्म या क्लबाची २००७ आणि २००९ ची अजिंक्यपदे काढून घेण्यात आली. पण दुसरी बाजूही आहे. सुपर लीगच्या पूर्ण संघाची मर्यादा सुमारे २१ लाख पौंडांच्या घरात रेंगाळली, आणि इंग्लंडचे नावाजलेले खेळाडू ऑस्ट्रेलिया गाठू लागले. खालच्या श्रेणीतले कित्येक जण आजही दिवसा गवंडीकाम, वायरिंग, शिक्षकी करून संध्याकाळी सरावाला येतात. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी मात्र २०२३ साली संघटनेच्या बळावर लीगशी वाद घातला, सामन्यांत जर्सीवरच्या लीगच्या चिन्हावर चिकटपट्टी लावून ते मैदानात उतरले, आणि ऑगस्टमध्ये सामूहिक करार पदरात पाडून घेतला. त्यात महिला खेळाडूंचाही समावेश झाला. मर्यादा तिथेही राहिली, पण ती ठरवताना मैदानावर उतरणारा माणूस टेबलाशी बसला होता. मला हाच फरक निर्णायक वाटतो.

आपल्याकडे मर्यादा आली ती प्रो कबड्डीबरोबर. २६ जुलै २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा लिलावातली सर्वांत मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची, रेल्वेच्या राकेश कुमारवर पाटणा पायरेट्सने लावलेली. २०१७ मध्ये संघ बारा झाले, प्रत्येक संघाला लिलावासाठी ४ कोटींची मर्यादा होती, आणि सर्वांत महागडा खेळाडू नितीन तोमर ९३ लाखांना गेला. २०२३ मध्ये मर्यादा ५ कोटी झाली, आणि पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. सहा वर्षांत पिशवी पंचवीस टक्क्यांनी वाढली आणि तीमधला सर्वांत मोठा घास जवळजवळ तिप्पट झाला. एकट्या पवनवर निम्म्याहून जास्त रक्कम गेल्यावर उरलेले २ कोटी ३९ लाख ५० हजार किमान आणखी सतरा जणांत वाटायचे होते. सरासरी पडली १४ लाखांची. त्या हंगामात टायटन्स तळाला राहिले. पुणेरी पलटणनेही इराणच्या शादलूवर २ कोटी ३५ लाख खर्च केले होते, पण त्यांच्याकडे नगर जिल्ह्यातला कर्णधार अस्लम इनामदार आणि स्वतः घडवून कमी दरात राखलेली तरुण फळी होती. ते विजेते ठरले. त्या विजयाचे मला मनापासून कौतुक आहे. पण कमी दरात राखलेली फळी हे शब्द खेळाडूच्या बाजूने वाचले, तर त्यांचा अर्थ असा की बाजारभाव कळण्याआधीच त्याला बांधून घेतले जाते. मर्यादा ताऱ्याला फारशी अडवत नाही. तिचा दाब येतो तो मधल्या फळीवर: कोपरारक्षकावर, मध्यरक्षकावर, राखीव चढाईपटूवर.

लीगवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरा हिशोबही मांडतो. २०२१ साली पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ९०८ कोटी ७० लाखांना गेले, म्हणजे हंगामाला सुमारे १८२ कोटी. बारा संघांची वेतनमर्यादा मिळून होते ६० कोटी, साधारण एक तृतीयांश. आयपीएलमध्ये २०२५ साली दहा संघांची प्रत्येकी १२० कोटींची मर्यादा होती, आणि प्रक्षेपणाचे हंगामी उत्पन्न साडेनऊ हजार कोटींहून अधिक. तिथे हे प्रमाण बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास येते. प्रायोजक, तिकिटे, सामन्यांचे मानधन यांत धरलेले नाही, तरी या तुलनेत कबड्डी कंजूष दिसत नाही. मात्र एक मेख आहे. लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये २०१५ पासून स्टार इंडियाचा ७४ टक्के हिस्सा होता, आणि हक्क घेणारीही स्टारच. विकणारा आणि घेणारा एकाच घरचा असताना खेळाची खरी किंमत किती, हे बाहेरच्याला कळायला मार्ग राहत नाही. ती न कळताच खेळाडूंची मर्यादा ठरते.

वेतनमर्यादेविषयी जगभर ज्या विचारधारा आहेत त्यांची ओळख या संग्रहात होईलच. त्यांतली पहिली अर्थशास्त्रज्ञांची. निकाल आधीच ठाऊक असेल तर प्रेक्षक येत नाही, म्हणून प्रतिस्पर्धी जिवंत राहणे प्रत्येक क्लबाच्या हिताचे असते, हे वॉल्टर नील यांनी १९६४ साली मांडले. त्याआधी १९५६ मध्ये सायमन रॉटनबर्ग यांनी बेसबॉलच्या निमित्ताने उलट शंका घेतली होती: खेळाडूला बांधून ठेवल्याने संघांचे बळ फारसे बदलत नाही, फक्त त्याने कमावलेला पैसा मालकाकडे राहतो. मला रॉटनबर्ग अधिक पटतात. कबड्डीत पाटण्याने मर्यादा असतानाच सलग तीन अजिंक्यपदे मिळवली होती. इंग्लंडच्या फुटबॉलमधला आठवड्याला २० पौंडांचा कमाल पगार खेळाडूंनी संपाची तयारी केल्यावर जानेवारी १९६१ मध्ये रद्द झाला आणि फुटबॉल काही बुडाला नाही. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगने १९८४-८५ मध्ये मर्यादा आणली ती उत्पन्नातला ५३ टक्के वाटा खेळाडूंना देण्याच्या हमीसह. ही तिसरी वाट: छत मान्य, पण उत्पन्नाशी बांधलेले आणि खाली जोते असलेले. हौशी परंपरेचा आवाज या सगळ्यांहून वेगळा आहे. पैसा आला की गाव तुटते, मंडळ तुटते, असे तो सांगतो. त्यात तथ्य आहे. गावच्या स्पर्धेत पाहुण्या खेळाडूंना मानधन देऊन संघ भरला की गावचा पोरगा राखीव बाकावर जातो, हे आपण पाहतोच.

प्रो कबड्डीत जोते अजिबात नाही असेही नाही. २०२३ पासून लिलावातल्या सर्वांत खालच्या गटाची पायाभूत किंमत ९ लाख आहे. तीन महिन्यांच्या हंगामासाठी ही रक्कम कोकणातल्या कुठल्याही घराला मोठीच वाटेल. प्रश्न उरलेल्या नऊ महिन्यांचा आहे. त्या काळात खेळाडूचा सराव, खुराक, दुखापतीवरचे उपचार यांचा खर्च कोण करतो? रेल्वे, सेनादले, पोलीस, तेलकंपन्या, आणि ज्याला नोकरी नाही त्याचे आईवडील. लीगच्या हंगामासाठी रजा देणाऱ्या सरकारी खात्यात खाडा पडतो तो जनतेच्या पैशाने भरला जातो. कंत्राटी कामगाराचा खाडा त्याचा तोच भरतो. लीगची वेतनमर्यादा ५ कोटींत बसते, कारण खेळाडू घडवण्याचा आणि पोसण्याचा खर्च तिच्या वहीत येतच नाही. या पुस्तकाचा गाभा माझ्या मते इथे आहे, आणि आजवरच्या चर्चेत नेमका हाच भाग सुटला होता. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी १ कोटी ४५ लाखांवर पोचला, ही बातमी घरोघर गेली. नंतर दुखापतीने त्याला बराच काळ बाहेर बसवले, ही बातमी तितकी दूर गेली नाही.

महिलांबद्दल तर प्रो कबड्डीच्या भाषेत बोलायला आकडाच नाही. २०१६ साली तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली, आणि पुढे ती थांबली. शिवशक्ती, राजमाता जिजाऊ यांसारख्या संघांनी पिढ्यानपिढ्या राष्ट्रीय खेळाडू दिल्या, मुंबईच्या अभिलाषा म्हात्रेला अर्जुन पुरस्कार मिळाला, भारतीय महिलांनी २०१२ पाठोपाठ २०२५ चा विश्वचषकही जिंकला. तरीही मुलीच्या कबड्डीचे फळ म्हणजे शासनाच्या पाच टक्के क्रीडा आरक्षणातली नोकरी, यापुढे गणित जात नाही. त्या आरक्षणाचे मोल मी कमी लेखत नाही, कारण महाराष्ट्रात आज कबड्डीपटूला उरलेली सर्वांत भक्कम वाट तीच आहे. पण ज्या खेळाडूंना या लीगचे वेतनच नाही त्यांच्या वेतनाला मर्यादा असावी की नसावी, ही चर्चा ऐकताना त्यांना काय वाटत असेल, याचा विचार वाचकाने करावा.

हा संग्रह कोणत्याही एका बाजूची वकिली करत नाही. त्यात लेखकांची आपसात मते जुळत नाहीत, आणि संपादकांनी ती जुळवण्याचा प्रयत्न केला नाही हे चांगले झाले. कोणी खुल्या बाजाराच्या बाजूने आहे, कोणी कंपनी-संघ पुन्हा उभे करा म्हणतो, कोणी खेळाडूंच्या संघटनेचा आग्रह धरतो. पुस्तकाचा प्रयत्न इतकाच, की कबड्डीपटूच्या कमाईकडे मजुरी म्हणून पाहावे आणि मजुरीला लागू असणारे सगळे प्रश्न तिला विचारावेत: ठरवते कोण, मिळते केव्हा, दुखापत झाली तर काय, काम संपल्यावर काय. जी माहिती मंडळांच्या वह्यांत आणि माणसांच्या बोलण्यात विखुरली होती ती एकत्र आणण्याची ही सुरुवात आहे. अर्थशास्त्राचा गंध नसलेल्या वाचकालाही ती सहज वाचता येईल.

माझी स्वतःची एक मागणी मात्र या पानावर नोंदवून ठेवतो, आणि ती लीगच्या मालकांकडे नाही, आपल्याच गावांकडे आहे. उरण, पनवेल, पेण, अलिबागच्या आयोजक मंडळांनी प्रत्येक स्पर्धेच्या बक्षिसाच्या रकमेतला ठरावीक भाग जिल्हा पातळीवरच्या दुखापत निधीत जमा करावा, खेळायला उतरणाऱ्या प्रत्येकाचा, मुलींच्या संघांसह, त्या हंगामापुरता अपघात विमा उतरवावा, आणि बक्षिसाची वाटणी कशी झाली ते मंडळाच्या फलकावर लिहावे. याला ना लीगची परवानगी लागते ना महासंघाची. येत्या दिवाळीनंतरच्या पहिल्या स्पर्धेपासून हे करता येईल.